प्याद्याला नाव असतं तेव्हा

परवा रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "गेला!"

स्वयंपाकघरात विरजण लावत असलेली आमची सौ. हातातला चमचा घेऊन तशीच बाहेर आली. "कोण गेलं? आपल्यातलं कुणी?" आमच्या वयाच्या घरात रात्रीच्या वेळी या शब्दाचा एकच अर्थ होतो. मी हातातल्या तळहाताएवढ्या यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला आणि म्हणालो, "डॉर्कस." तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेली. चमचा ओट्यावर ठेवल्याचा आवाज मात्र जरा मोठा आला.

हा डॉर्कस म्हणजे कुऱ्हाड चालवणारा एक आडदांड, अबोल माणूस. बायकोचं नाव नॅटली. तिचा पाय अधू आहे, उपचाराला पैसा हवा, म्हणून हा सज्जन गृहस्थ दरोडेखोरांच्या टोळीत कामाला राहतो. आपल्या बाजूची लिन नावाची मुलगी ऐन लढाईत त्याच्यापर्यंत पोचून दोन शब्द बोलली, की तो शरमतो आणि आपल्याकडे येतो. तेव्हापासून तो आपला. त्याचं नाव, त्याचा चेहरा, त्याचं बळ, त्याचं नशीब, सगळं आपल्या यादीत. आणि मुख्य कथेत पुढे कुठे तो पडला, तर पडला. पुढच्या प्रकरणात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. जाताना एखादं वाक्य बोलतो आणि यादीतून त्याचं नाव उतरतं.

खेळाचं नाव 'फायर एम्ब्लेम'. २००३ साली 'गेम बॉय ॲडव्हान्स' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघालेला. माझ्यासारख्या पासष्टी ओलांडलेल्या, अडतीस वर्षं बँकेत आकडे जुळवलेल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिलेल्या माणसानं व्हिडीओ गेमवर लिहावं, याचं काही वाचकांना नवल वाटेल. नवल वाटणाऱ्यांत मी स्वतःही आहे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी 'टीव्ही गेम' आला, तो आठवतो? टीव्हीला वायर लावायची, रंगीत प्लॅस्टिकची 'कॅसेट' खोचायची, लागली नाही तर काढून फुंकर मारायची, आणि मग सुट्टीभर 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा'. त्या खेळांत माझा टिकाव कधी लागला नाही. मारिओ पहिल्याच खड्ड्यात पडायचा. अंगठ्याला जे कळायला हवं, ते माझ्या डोक्यालाच उशिरा कळायचं. तेव्हा व्हिडीओ गेम म्हणजे बोटांच्या चपळाईचा प्रकार आणि आपलं त्याच्याशी काही देणंघेणं नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

मे २००५ मध्ये परदेशातून सुट्टीला आलेला भाचा आपलं जुनं यंत्र माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला देऊन गेला, आणि ही समजूत मोडली. ती सोफ्यावर मांडी घालून बसायची. पडद्यावर चौकटीचौकटींचं रान. नदी, पूल, किल्ला, झाडी. त्यात हिची सात-आठ माणसं आणि समोर शत्रूची पंधरा-वीस. पण कुणीच हलत नसे. लेक दहा दहा मिनिटं नुसती बघत बसायची. मी विचारलं, "बंद पडलंय का?" ती म्हणाली, "नाही बाबा, माझी पाळी आहे."

हा या खेळांचा पहिला गुण. आधी तुमची पाळी, मग शत्रूची. तुमच्या पाळीत तुमच्या प्रत्येक माणसाला एक चाल आणि एक काम. चाल ठरवायला पाच सेकंद घ्या, नाहीतर पाच तास घ्या. चहा करून या, भाजी आणून या. शत्रू तलवार उपसून तसाच थांबलेला असतो. अशी सभ्यता मी प्रत्यक्ष आयुष्यात फार कमी ठिकाणी पाहिली. पण एकदा 'थांब इथे' म्हणून शिक्का मारलात, की चाल परत घेता येत नाही. विचाराला वेळ हवा तेवढा, निर्णयाला मात्र एकच संधी. बुद्धिबळ खेळणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल.

पण बुद्धिबळात आणि यात एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळी मौज त्या फरकात आहे. बुद्धिबळात आपण प्यादं देतो. "दिलं प्यादं, घेतला उंट," असं म्हणून मिशीवर हात फिरवतो. प्याद्याला नाव नसतं. घरी त्याची वाट पाहणारं कुणी नसतं. डाव संपला की तेच प्यादं पुन्हा पटावर.

शोझो कागा या जपानी गृहस्थांना नेमका हा फरक करून पाहायचा होता. क्योतोची 'निन्टेंडो' कंपनी १८८९ मध्ये पत्त्यांचे जोड बनवायला निघाली आणि पुढे व्हिडीओ गेमकडे वळली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. तिच्यासाठी खेळ तयार करणाऱ्या 'इंटेलिजंट सिस्टिम्स'नं १९८८ साली 'फॅमिकॉम वॉर्स' नावाचा युद्धाचा खेळ काढला. रणगाडे, तोफा, सैनिक; पैसे मोजायचे आणि नवे सैनिक भरती करायचे. गेले तर आणखी भरती. त्याच संस्थेतल्या कागांनी दोन वर्षांनी, एप्रिल १९९० मध्ये, 'फायर एम्ब्लेम'चा पहिला भाग काढला. डावपेचांचा पट तोच ठेवला आणि त्यावर कथा-कादंबरीतली माणसं आणून उभी केली. प्रत्येकाला नाव, चेहरा, थोडा भूतकाळ. आणि गेला तो गेला. त्या पहिल्या खेळात मेलेल्या माणसाला परत आणणारी एक जादूची काठी आहे. ती एकदाच वापरता येते, एकाच माणसासाठी. काठीचं नाव 'ओम'. आपल्या कानाला ओळखीचं नाव तिथे भेटलं, तेव्हा मला जरा गंमत वाटली होती.

कादंबरीत मी माणसं मारली आहेत. एका कादंबरीत तर तीन. पण ती मी ठरवून मारली, त्यांना चांगलं लांबलचक मरण दिलं, आणि वाचक रडले तेव्हा मनातून सुखावलोही. इथे माणूस जातो तो माझ्या दुर्लक्षानं. घाईनं, आळसानं, 'काही होत नाही' म्हटल्यानं. लेखक म्हणून अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

आता मार्कसबद्दल सांगायला हवं.

मार्कस हा उमरावाच्या पदरी असलेला, वयानं मोठा, अनुभवी घोडेस्वार. मुख्य कथा सुरू होते तेव्हा त्याच्याबरोबर सगळी कच्ची पोरं असतात. एलिवूड हा उमरावाचा मुलगा, लोवेन नावाचा भुकेला शिलेदार, रिबेका ही गावातली तिरंदाज मुलगी. तिच्याजवळ शत्रू येऊन भिडला, तर तिला उलटा वारही करता येत नाही. धनुष्याचं ते बंधन आहे. अशा सैन्यात मार्कस एकटा समर्थ. त्याला पुढे काढला की तो एकेका फटक्यात शत्रू आडवा करतो. यंत्र माझ्या हातात आलं, की मी तेच करायचो. मार्कस पुढे, बाकीचे मागे सुरक्षित. प्रकरण सुखरूप पार.

दोन दिवस लेकीनं पाहून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "बाबा, तुम्ही सगळं मार्कसलाच करायला लावता. मग बाकीचे शिकणार कधी?"

हिशेब असा आहे. लढलं की अनुभवाचे गुण मिळतात. शंभर गुण झाले की माणूस एक पायरी चढतो, बळ वाढतं, चपळाई वाढते. शेवटचा घाव ज्याचा, त्याला गुण जास्त. मार्कस आधीच वरच्या श्रेणीचा असल्यामुळे त्याला प्रत्येक लढाईत गुण अगदी थोडे पडतात. आणि पटावरचे शत्रू मोजके असतात, म्हणजे अनुभवही मोजका. तो मार्कसनं खाल्ला तर वाया गेला. पहिली पाच-सहा प्रकरणं सुखात जातात. मग एके दिवशी समोर असे शत्रू येतात, की एकटा मार्कस पुरत नाही. आणि मागे वळून पाहावं, तर रिबेका अजून पहिल्याच पायरीवर उभी.

१९९० च्या पहिल्या भागात असाच एक जुना सरदार होता, जेगन नावाचा. आरंभी सगळ्यांत बलवान, पण त्याची वाढ जवळजवळ खुंटलेली. हे खेळ खेळणारे आजही अशा पात्राला सरसकट 'जेगन' म्हणतात. आपल्याकडे घराघरांत, कचेरीकचेरीत एकेक जेगन असतो. आमच्या शाखेत तो मी होतो.

तालुक्याच्या गावी मी शाखा व्यवस्थापक होतो. कर्जाची प्रत्येक फाईल मी स्वतः बघायचो. हाताखालचा तरुण अधिकारी हुशार होता, मंजुरीचे थोडेफार अधिकार नियमानं त्यालाही होते. पण "ठेवा, मी बघतो," हे माझं वाक्य ठरलेलं. शाखेचा कारभार चोख होता, वरून शाबासकी येत होती. जून २००६ मध्ये छातीत दुखलं म्हणून मला जिल्ह्याच्या गावी इस्पितळात हलवलं. बारा दिवस. नेमके मृगाचे दिवस, खरीप पीककर्जाची गर्दी. सातबारे हातात घेऊन माणसं दारात उभी आणि आत तो मुलगा फायलींचा ढीग घेऊन बसलेला. अधिकार कागदावर होते. हाताला सवय नव्हती. एक सही चुकली तर साहेब काय म्हणतील, या भीतीनं त्यानं बहुतेकांना "साहेब आले की या" म्हणून परत पाठवलं. मी परतलो तोवर पाऊस येऊन गेला होता. काहींनी सावकाराकडून उचल करून पेरणी उरकली होती. त्यातला एक जण काउंटरशी येऊन मला म्हणाला, "साहेब, तब्येत बरी ना आता? तुमच्याबिगर इथं पानबी हलत नाही बघा." तो बिचारा कौतुकच करत होता.

त्या मुलाला मी काही बोललो नाही. बोलणार काय? पंधरा शत्रूंपैकी पंधराही मीच मारले होते.

असो. लेकीनं मला एक युक्ती शिकवली होती, ती शेवटी सांगतो. आधी टक्केवारीचा विषय, कारण बँकवाल्याला तो सोडवत नाही.

या खेळांत कुणावर वार करण्याआधी पडदा तुम्हाला आकडे दाखवतो. तुमचा नेम लागण्याची शक्यता ९० टक्के, लागला तर नुकसान इतकं, समोरच्याच्या उलट वाराची शक्यता ३० टक्के, वगैरे. कर्ज देण्याआधी अर्जदाराचा इतका स्वच्छ तक्ता मला मिळाला असता, तर माझे केस आणखी काही वर्षं काळे राहिले असते. गंमत पुढे आहे. जुन्या भागांत यंत्र शून्य ते ९९ मधला एक आकडा मनाशी धरायचं. तो ९० पेक्षा लहान असेल तर नेम लागला. सरळ व्यवहार. पण माणसाचं मन सरळ नाही. ९० म्हटलं की आपण ते शंभरच समजतो, आणि दहांतून एकदा चुकलं की यंत्राला लबाड म्हणतो. 'सिव्हिलायझेशन'चे निर्माते सिड मायर यांनी २०१० साली खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत हेच सांगितलं होतं. आपलं बळ समोरच्याच्या तिप्पट असताना हरणं खेळणाऱ्यांना मान्यच होत नाही.

म्हणून २००२ च्या भागापासून 'फायर एम्ब्लेम'वाल्यांनी एक खुबी केली. यंत्र एकाऐवजी दोन आकडे धरतं आणि त्यांची सरासरी काढते. मी वहीत मांडून पाहिलं. दोन आकड्यांच्या एकूण जोड्या १०० गुणिले १००, म्हणजे दहा हजार. सरासरी ९० किंवा अधिक येईल अशा जोड्या फक्त १९०. म्हणजे पडद्यावर ९० टक्के दिसतात तेव्हा खरी शक्यता ९८.१ टक्के असते! ७० दिसले तर खरे ८२.३. उलट ३० दिसले तर खरे १८.३, आणि १० दिसले तर जेमतेम २.१. आपल्याला जे वाटतं, तिकडे आकडा हळूच झुकवलेला. खेळणारी माणसं मोठी असली तर त्यांचे नेम सहसा मोठ्या आकड्यांचे आणि शत्रूचे लहान आकड्यांचे, म्हणजे झुकतं माप आपल्यालाच. ही फसवणूक आहे की दिलासा, यावर मी पुष्कळ विचार केला. ऑडिटमध्ये ही नोंद मी नक्की लाल शाईनं अधोरेखित केली असती. खेळताना मात्र कधी तक्रार केली नाही.

डॉर्कस गेला तो २० टक्क्यांना. जखमी होता, मागे घ्यायला हवा होता. पण झाडीत उभा आहे, समोरच्याकडे भाला आहे आणि या खेळात भाल्यापुढे कुऱ्हाड वरचढ असते, आकडा नुसता २०; राहू दे म्हटलं. खरी शक्यता ८.२ टक्के. दहा हजारांतल्या ८२० जोड्यांपैकी एक त्या रात्री निघाली. बँकेत असताना अशी 'राहू दे' म्हटलेली दोन-तीन खाती होती. ती पुढे बुडीत यादीत गेली. त्या यादीत नावापुढे फक्त रक्कम असते. त्यातल्या एकाच्या टेम्पोवर मुलीचं नाव रंगवलेलं होतं, हे यादीत कुठे येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा की! करता येतं. त्यालाही मोल आहे. यंत्र प्रत्येक चाल आपोआप नोंदवत असल्यामुळे बंद करून चालू केलं, तर डाव तिथूनच पुढे सुरू होतो, डॉर्कस गेलेल्या अवस्थेत. तो परत हवा तर प्रकरण मुळापासून खेळायचं. तासाभराचं काम पाण्यात. बहुतेक लोक तेच करतात. माझी लेकही करायची, आणि त्याबद्दल माझ्या मनात काही राग नाही. रात्री अकराला "बाबा, फ्लोरिना मेली, मी परत खेळू?" म्हणून डोळ्यांत पाणी आणून उभ्या राहिलेल्या मुलीला कोण बाप नाही म्हणेल?

निर्मात्यांनाही हे कळत होतं. २०१० मध्ये त्यांनी एक पर्याय दिला: पडलेली माणसं पुढच्या प्रकरणाला परत येतील. २०१२ च्या 'अवेकनिंग' या भागातही तो होता. त्या वेळी मालिकेचा खप इतका घसरला होता, की अडीच लाख प्रती गेल्या नाहीत तर हा शेवटचा भाग, असं निन्टेंडोनं बजावलं होतं. प्रती त्याच्या कितीतरी पट गेल्या आणि मालिका वाचली. २०१९ च्या भागात तर घड्याळ मागे फिरवायची सोयच कथेत गुंफली आहे. सगळं ठीक. ज्याला जसं झेपेल तसं त्यानं खेळावं. मी जुन्या रीतीनंच खेळतो. एक तर सवय, आणि दुसरं म्हणजे शेवटी प्रत्येकाचं पुढे काय झालं ते सांगणारी पानं येतात, त्यांत जे वाटेत पडले त्यांच्याही नोंदी असतात. ती पानं मी सावकाश वाचतो.

सैनिकाला नाव देण्याची ही कल्पना एकट्या कागांची म्हणता येणार नाही. इंग्लंडमध्ये ज्युलियन गोलप यांनी १९९४ साली परग्रहवासीयांशी लढण्याचा एक खेळ काढला. त्यात सैनिकांची नावं बदलता येत असल्यामुळे लोक आपल्या मित्रांची, भावाबहिणींची नावं देत आणि मग त्यांना पुढे पाठवायला कचरत. पण या विषयाचा तळ गाठला तो यासुमी मात्सुनो यांनी. त्यांचा 'टॅक्टिक्स ओगर' ऑक्टोबर १९९५ मध्ये जपानात आला. युगोस्लाव्हियातल्या यादवीचा आपल्या लेखनावर परिणाम झाला, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. आणि खेळताना ते सांगावं लागत नाही. वलेरिया नावाची बेटं, त्यांवर तीन जमाती, तिघींना सत्ता हवी. आपण डेनम नावाचा कोवळा पोरगा, सगळ्यांत दुबळ्या जमातीचा.

पहिलं प्रकरण संपताना बालमामुसा नावाच्या गावी हुकूम येतो. हे गाव आपल्याच लोकांचं आहे. लढायला उठा म्हटलं तर ते उठत नाहीत. तेव्हा गाव कापून काढायचं आणि आळ शत्रूवर घालायचा, म्हणजे उरलेली जमात चवताळून उठेल. पडद्यावर दोन उत्तरं: हो किंवा नाही. घाई नाही. हवा तेवढा वेळ घ्या.

'हो' म्हटलं तर हात रंगतात. 'नाही' म्हटलं तर गाव वाचेल असं वाटतं. पण वाचत नाही. तुमच्याशिवायही ते काम होतं, आणि आळ तुमच्यावर येतो. मी पहिल्यांदा 'नाही' म्हटलं होतं आणि मला आपला अभिमान वाटला होता. तो काही मिनिटं टिकला. मग दुसऱ्या खेपेला, केवळ पाहावं म्हणून, 'हो' म्हणून बघितलं. त्या रात्री यंत्र लवकर बंद केलं. हा खेळ मुलांच्या दुकानात विकला जात होता आणि त्याच वर्षीच्या जुलैत वर्तमानपत्रांत स्रेब्रेनिकाच्या बातम्या होत्या, हे दोन्ही एकत्र आठवलं की अजून विचित्र वाटतं.

मात्सुनोंचा पुढचा खेळ 'फायनल फँटसी टॅक्टिक्स', १९९७ चा. तो नव्या रूपात २०२५ मध्ये पुन्हा निघाला आणि लेकीनं मला वाढदिवसाला दिला. तिथे रणांगणावर पडलेल्या माणसाच्या डोक्यावर तीनचा आकडा येतो. त्याच्या प्रत्येक पाळीला एकानं उतरतो. आकडा संपेपर्यंत कुणी त्याच्यापर्यंत पोचलं तर तो उठतो. नाहीतर त्याचा स्फटिक होतो, आणि साथीदार तो उचलून त्याची विद्या स्वतःकडे घेऊ शकतो. बँकेत याला अनुकंपा तत्त्व म्हणत. कथाही अशी, की ज्या रामझानं खरं काम केलं, त्याचं नाव इतिहासातून पुसलेलं आहे, आणि शेकडो वर्षांनी एक अभ्यासक दडपलेले कागद काढून त्याची गोष्ट सांगतो आहे.

या खेळात रिओव्हेनीस नावाचा किल्ला आहे. जुन्या खेळणाऱ्यांजवळ हे नाव काढून बघा, चेहरे पडतात. लागोपाठच्या लढाया, मध्ये खेळ जतन करायची सोय होती, पण बाहेर पडून तयारी करता येत नसे. ज्यांच्याकडे जतन केलेली एकच जागा होती, त्यांना किल्ल्यात शिरल्यावर कळे, की आपला रामझा एकट्यानं वीग्राफपुढे उभा राहण्याइतका तयार झालेला नाही. आणि तीस-चाळीस तासांचा खेळ तिथेच अडकून राही. पुढे जाता येत नसे, मागे फिरता येत नसे. चूक त्या लढाईतली नसते; ती बरीच आधी, कुठल्यातरी निवांत दुपारी झालेली असते.

लेक आता एकतीस वर्षांची आहे. बंगळूरला असते, हाताखाली नऊ जण आहेत. रविवारी फोन येतो. आईशी तब्येतीचं, भाजीचं बोलणं झालं, की फोन माझ्याकडे येतो आणि पहिला प्रश्न असतो, "कोण गेलं?" गेल्या रविवारी मी डॉर्कसचं सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "परत नाही ना खेळलात?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "नॅटलीला कोण सांगणार आता?" बाजूला बसलेली सौ. म्हणाली, "दोघांनाही वेड लागलंय," पण या वेळी तिनं विचारलं, "ही नॅटली कोण?"

फोन ठेवून मी नवा डाव उघडला. पहिलंच प्रकरण. एलिवूड, लोवेन, रिबेका, बार्त्र, डॉर्कस (इथे तो अजून आहे), आणि मार्कस. लेकीची ती जुनी युक्ती अशी: मार्कसच्या हातातलं शस्त्र काढून दुसऱ्याला द्यायचं आणि त्याला तसाच, रिकाम्या हातानं, सगळ्यांच्या पुढे उभा करायचा. त्याचं चिलखत जाड आहे, दोन-चार घाव तो सहज सोसतो. शत्रू त्याच्यावर धावून येतात, आणि त्याला उलटा वार करता येत नसल्यामुळे एकही मरत नाही. मग मागच्या पोरांची पाळी येते.

मार्कसची तलवार मी एलिवूडला दिली. भालाही काढला, तो लोवेनला. मार्कसला दोन घरं पुढे नेऊन थांबवलं आणि पाळी संपवली. दोन दरोडेखोर येऊन त्याला भिडले. एकाचा घाव लागला, एकाचा चुकला. आता माझी पाळी. रिबेका त्याच्या पाठीमागे उभी आहे, धनुष्य हातात, नेम ७६ टक्के.